मदत हवी आहे : 'झमालेक' या बचाव जहाजाच्या नोंदी

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या 'झमालेक' या ब्रिटिश बचाव जहाजाच्या फेऱ्यांचा तारीखवार तक्ता करतोय. 1921 साली बांधलेली ही जेमतेम दीड हजार टनांची प्रवासी बोट. काम एकच : कॉन्व्हॉयच्या, म्हणजे एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्याच्या, शेपटाला राहायचं आणि टॉर्पेडो लागलेल्या जहाजांची माणसं पाण्यातून उचलायची. गारठलेल्या, तेलाने माखलेल्या हातांना दोर धरवत नसे, म्हणून कडेला जाळ्या सोडत आणि लांब दांड्याच्या जाळीने माणूस वर ओढत. बोटीवर डॉक्टर असे. पण हे रुग्णालय-जहाज नव्हे, त्यामुळे रुग्णालय-जहाजांना मिळणारं युद्धनियमांचं संरक्षणही नाही. थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला आयतंच लक्ष्य. तरी थांबत. मला हे फार मोठं वाटतं.

जुलै 1942 मध्ये रशियाकडे निघालेला पीक्यू 17 हा ताफा पांगवल्यावर जोडीदार बचाव जहाज 'झाफरान' विमानहल्ल्यात बुडालं. त्यावरची माणसं 'झमालेक'नेच वाचवली. मार्च 1943 मध्ये अटलांटिकमधल्या एससी 122 या ताफ्यासोबतही ती होती. या दोन्हींच्या मधल्या फेऱ्या मला लावता येत नाहीयेत.

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी 389 या मालिकेत जहाजांच्या हालचालींची कार्डं आहेत. तिथून भारतात प्रती कुणी मागवल्यात का? खर्च आणि वेळ किती? तिकडे राहणारं कुणी फोटो काढून देईल का? खर्च मी देईन.

आणखी एक. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीकडचे, गोव्याचे खलाशी पुष्कळ. वाचलेल्यांच्या याद्यांत त्यांची नावं कशी शोधायची, हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.