कोलमनचं पुनरागमन नुसतं भावनिक नव्हतं

एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबने लेस्टरविरुद्धची जानेवारी २०१८ ची लढत वॉलकॉटच्या दोन गोलांनी जिंकली आणि त्यांच्या शेमस कोलमनचं दुखापतीनंतर परतणं फक्त भावनिक होतं, असं काही जण म्हणतात. गोलांचं श्रेय मान्य, पण दुसरा मुद्दा पटत नाही. मार्च २०१७ मध्ये डब्लिनला आयर्लंडकडून वेल्सविरुद्ध खेळताना नील टेलरच्या टॅकलमध्ये कोलमनच्या उजव्या पायाची नडगी मोडली, दोन्ही हाडं. त्याची पोझिशन राइट-बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. पूर्ण बाजू वर-खाली धावायची आणि त्याच पायावर भर देऊन वळायचं. हाड जुळलं तरी समोरून टॅकल आला की न बिचकणं हे वेगळंच शिकावं लागतं. म्हणूनच ३१ जानेवारी २०१८ ला पहिल्या मिनिटापासून त्याला झेपावताना पाहून मी खरंच भारावलो.

दरम्यान एव्हर्टनची पार वाताहत झाली होती. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलकडून घरच्या मैदानावर २-५ हार, संघ तळाच्या तिघांत आणि प्रशिक्षक कूमनची हकालपट्टी. एकटा कोलमन हे सगळं सावरणार नव्हताच. लेस्टरनंतर तीनच दिवसांत आर्सेनलने पुन्हा ५-१ असं धुतलं. पण उजवी बाजू तोवर जॉन्जो केनीसारख्या कोवळ्या पोराच्या खांद्यावर होती, हे विसरू नका.