कर्णबधिर तरुणाची एचआयव्ही तपासणी: दुभाषी कोण, सही कोणाची?

प्रशिक्षण_निदेशक: वय 23, जन्मतः कर्णबधिर, लिहिलेलं मराठी जेमतेम वाचतो. एचआयव्हीची लागण होऊ शकेल असा धोका घडून महिना झाला. तपासणी करायची आहे, पण घरच्यांना कळू द्यायचं नाही. दवाखान्यात ‘भावाला घेऊन या’ असं सांगितलं. फिट्ससाठी कार्बामाझेपिन चालू आहे.

आयसीटीसी_समुपदेशक: भावाची गरज नाही. 18 पूर्ण झालेल्याची संमती त्याची स्वतःची असते. ऐकू येत नाही म्हणून ती पालकांकडे जात नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे चाचणीआधी समुपदेशन आणि संमती हवीच, आणि निकालही गुप्त ठेवावा लागतो. जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते. आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवा की याला हाताने खूण करून आत बोलवा. दारातून नाव पुकारतात, त्याला कळत नाही आणि नंबर निघून जातो. समुपदेशकाने उजेडाकडे तोंड करून, मास्क काढून बोलावं.

पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह (लागण असू शकते असं दाखवणारी) आली तर वेगळ्या किटवर आणखी दोन होतात, मगच निदान पक्कं. महिन्याभरात निगेटिव्ह आली तरी धोक्यापासून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. हे नुसतं सांगू नका. कॅलेंडरवर धोक्याची तारीख, आजची आणि तीन महिन्यांनंतरची अशा तीन खुणा करून दाखवा, आणि तोवर निरोध का वापरायचा तेही.

खुणांची_भाषा: दुभाषी शक्यतो दुसऱ्या गावचा बघा. कर्णबधिरांचं वर्तुळ लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. स्थानिक दुभाषी त्याच्या मित्राच्या लग्नातही भेटणार. व्हिडिओ कॉल चालतो, पण रेकॉर्डिंग बंद, आणि दुभाषाला आधी त्याची पसंती. नुसत्या मान डोलावण्याला संमती समजू नका, समजलेलं त्यालाच खुणांनी परत सांगू द्या. 1097 ही एड्सची हेल्पलाइन बोलण्याची आहे, त्यामुळे त्याच्या परवानगीने फोन तुम्हालाच करावा लागेल.

प्रशिक्षण_निदेशक: आणि पीईपी?

आयसीटीसी_समुपदेशक: पीईपीची, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळायच्या औषधांची, वेळ गेली. ती औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. पुन्हा असं घडलं तर दुभाषाची वाट न बघता थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, हे त्याला आत्ताच समजावून ठेवा.

एआरटी_औषधनिर्माता: निदान पक्कं झालंच तर फिट्सची गोळी एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सुरू होण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. एआरटीच्या नेहमीच्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्र गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध 50 मिग्रॅ असतं. कार्बामाझेपिनमुळे त्याची रक्तातली पातळी घसरते आणि विषाणू दबत नाही. मग डॉक्टर एक तर 12 तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची जादा गोळी देतात, नाहीतर फिट्सचं औषध बदलतात. लेव्हेटिरॅसिटॅम या फिट्सच्या दुसऱ्या औषधाची अशी अडचण नाही. मनाने कार्बामाझेपिन बंद मात्र करू नका, फिट येईल. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर तिच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. दोन्ही एकत्र घ्यायच्या तर जेवणासोबतच.