रूममेट एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) घेतो. त्याच्या आईला सांगू का?

पाऊण_कप
कर्वेनगरात फ्लॅट, आम्ही चौघं, सगळे टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. भाडेकरार माझ्या एकट्याच्या नावावर, कारण ऐन वेळी बाकीच्यांची आधार कार्डं गावी होती. (हसू नका.)

रूममेट बार्शीचा. एम-थ्री (गणिताचा पेपर) आम्हाला त्यानेच शिकवलं, नाहीतर तिघांचीही केटी पक्की होती, म्हणजे विषय राहिलाच असता. 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला, ती बातमी मेसमध्ये बघताना हाच म्हणाला होता, 'च्यायला, दौंड तालुक्याने नाव काढलं.' आणि गेल्या दिवाळीनंतर स्वतः सुरू केलं. आधी फक्त शनिवारी, मग 'सबमिशन आहे, नाईट मारायचीय' म्हणून, आता वार राहिलेला नाही. दोन-दोन रात्री जागा, जबडा सतत चावत असतो, बेसिनमध्ये नाकातलं रक्त. मग दीड दिवस मेल्यासारखा झोपतो आणि त्याची प्रॉक्सी, म्हणजे खोटी हजेरी, आम्ही मारतो. मी दोनदा तीन-तीन हजार दिलेत. कशाला हवेत ते विचारलं नाही. माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही.

त्याची आई एसटीबरोबर मेथीच्या लाडवांचा डबा पाठवते. याला भूकच नसते. काकू मला फोन करतात, 'संपले का रे लाडू?' रिकामा डबा परत जावा म्हणून ते मी खातो. मला मेथी अजिबात आवडत नाही.

बोललो तर म्हणतो, माझं शरीर, माझं मी बघीन. सांगू की नको?

उंडगा
एकवीस वर्षांचा घोडा आहे, ज्याचं त्याने निस्तरावं. तू खोली बदल.

काळा_कोट
खोली बदलण्याआधी करार बदल. एनडीपीएसचं (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) कलम 25 असं आहे की, घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने माहीत असूनही तिथे हे चालू दिलं, तर तोही आरोपी होतो. आणि 'माहीत होतं' हे तू इथे लिहूनच ठेवलंयस. एमडीची अल्प मात्रा म्हणजे फक्त 2 ग्रॅमपर्यंत, 50 ग्रॅमच्या वर व्यावसायिक.
त्याच्यासाठी चांगली बाजू कलम 64-अ. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं.

बिनसाखरेचा
मी तुझ्या रूममेटच्या जागी होतो. फक्त माझा गांजा आणि गोळ्या. सहा वर्षं झाली बंद आहे.

तो म्हणतो ते 'माझं मी बघीन' मीही म्हणायचो. पण माझं मी काहीच बघत नव्हतो. हजेरी पार्टनर बघायचा, मेसचं बिल दुसरा बघायचा, घरच्यांना 'त्याला व्हायरल झालाय' हे सांगायला तिसरा. माझ्या वाट्याला फक्त ओढणं होतं. ज्या दिवशी पार्टनरने प्रॉक्सी बंद केली आणि कमी हजेरीच्या डिटेन्शन लिस्टमध्ये नाव लागलं, त्या दिवशी त्याला आईवरून शिव्या घातल्या. चार महिने बोललो नाही. आज त्याच्या पोरीला मी पाळण्यात झोपवतो, ते सोड.

उंडगा, तुझं अर्धं बरोबर. निस्तरायचं त्यानेच. पण त्याआधी याने निस्तरणं थांबवायला हवं ना?

पाऊण_कप, आधी त्याला तोंडावर सांग की रविवारी मी काकूंना फोन करणार, त्याआधी तू केलास तर उत्तम. ही दमदाटी मात्र तो शुद्धीत, जेवलेला असताना कर. दोन रात्री जागल्यावर त्याला सगळे आपल्यावर टपलेले वाटतात, तेव्हा नको. छातीत धडधड किंवा भलतंच बोलायला लागला तर रविवारची वाट बघू नकोस, 108 ला फोन. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. नाहीतर 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाईनवर विचार, फुकट आहे. त्याला पैसे एक रुपया देऊ नकोस. आणि ते लाडू खाणं बंद कर.

पाऊण_कप
सांगितलं त्याला. मोबाईल भिंतीवर फेकला, माझा. रविवारपर्यंत त्याने फोन केला नाही, मी केला. काकू आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'म्हणजे लाडू तू खात होतास?' हो म्हणालो. उद्या पहाटेच्या गाडीने येतायत, स्वारगेटला घ्यायला मी जातोय. तो आत झोपलाय.
काळा_कोट, कराराचं काय ते व्यनि (खासगी मेसेज) करतो.