कॅरॅव्हॅनमधलं छोटं वॉशिंग मशीन: किलो नंतर, आधी पाणी मोजा

विषय: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन, कोणतं घ्यावं?
ॲडलेडहून

नमस्कार मंडळी,

जूनपासून तीन महिने बाहेर राहायचं आहे. ॲडलेड, कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्ज, डार्विन, मग कनुनुराहून गिब रिव्हर रोडने (लांबलचक मातीचा रस्ता) ब्रूम. आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) २० फुटी, दोन ॲक्सलची. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या, सांडपाण्याची ५५ लिटरची एक. लिथियम बॅटरी २०० अँपिअर-तास, इन्व्हर्टर २००० वॉट. बाथरूम अगदी मागच्या टोकाला आहे, तिथे मशीनसाठी कप्पा मोकळा ठेवलाय. विक्रेता ४ किलोचं, पाणी तापवणारं फ्रंट लोड घ्या म्हणतो. ३ किलोचं साधं टॉप लोड पुरेल का? भिंतीवर टांगायचं मशीन कसं? आणि बसवताना काय बघायचं?

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
बेंडिगोहून

नमस्कार,

मशीनच्या किलोंपासून सुरुवात करू नका, सांडपाण्याच्या टाकीपासून करा. छोट्या टॉप लोडचा टब एकदा भरला की साधारण १५ लिटर पाणी घेतो. एक धुणं आणि दोनदा खळबळणं म्हणजे ४५ लिटर. तुमच्याकडच्या १९० लिटरमधून ४५ गेले हे चालून जाईल, पण ५५ लिटरची खालची टाकी एकाच धुण्यात जवळजवळ भरते. त्या दिवशी आंघोळ आणि भांड्यांचं पाणी जाणार कुठे? टाकी भरलेली असताना मशीनच्या पंपाने पाणी ढकललं तर ते सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे शॉवरच्या जाळीतून वर येतं. मशीन गळतंय असं वाटून लोक ते उघडून बसतात, आणि बिघाड मशीनमध्ये नसतोच.

म्हणून टॉप लोड घेणार असाल तर ज्यात पाण्याची पातळी हाताने ठरवता येते आणि खळबळण्याची एक फेरी वगळता येते तेच घ्या. फक्त 'ऑटो' असलेलं नको.

आता वजन. ४ किलोचं फ्रंट लोड दिसायला लहान असलं तरी ड्रमचे हादरे शोषायला त्यात जड वजन बसवलेलं असतं, त्यामुळे ते सहज ४० किलोंवर जातं. छोटं टॉप लोड २० किलोंच्या आसपास. आणि तुमचा कप्पा मागच्या टोकाला आहे. कप्पा ॲक्सलच्या मध्यापासून २.५ मीटर मागे आणि टो बॉल (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर कॅरॅव्हॅन अडकवतात) ५ मीटर पुढे असं धरलं, तर मागे ठेवलेले ४० किलो टो बॉलवरचं वजन २० किलोंनी उचलतात. २० किलोंचं मशीन १० किलोंनी. टो बॉलवर एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार असावा असा इथला नेम आहे. तो कमी झाला की कॅरॅव्हॅन महामार्गावर शेपूट हलवायला लागते. मशीन बसवल्यावर, टाक्या भरून, एकदा वजनकाट्यावर नेऊन टो बॉलचं वजन मोजाच.

तापवण्याचा हिशेब असा: १० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४६५ वॉट-तास लागतात. इन्व्हर्टरमधली गळती धरून ते बॅटरीचे ४० अँपिअर-तास होतात. शिवाय १८०० वॉटचं हीटर चालू असताना बॅटरीतून १६० अँपिअर ओढले जातात, आणि त्याच वेळी कोणी किटली लावली की इन्व्हर्टर बंद पडणार. थंड पाण्याचं टॉप लोड सरासरी १५० वॉटने पाऊण तास चाललं तरी १० अँपिअर-तासांत भागतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी सलग लहरीची वीज देणारा आहे ना, तेवढं बघा. स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर गुणगुणते, तापते आणि कंट्रोल बोर्ड गोंधळतो.

माझं मत: ३ किलोचं थंड पाण्याचं टॉप लोड.

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
पर्थहून

बेंडिगोच्या काकांचा पाण्याचा आणि वजनाचा हिशेब चोख आहे, पण गिब रिव्हर रोडसाठी टॉप लोडची एक दुखरी बाजू सांगायला हवी. त्याचा टब चार कोपऱ्यांतल्या चार स्प्रिंगच्या दांड्यांवर टांगलेला असतो. लाटालाटांच्या मातीच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता जवळपास ६६० किलोमीटर आहे, टब सतत उसळतो आणि एखादी दांडी खाचेतून निसटते. मग पिळायला लावलं की टब बाहेरच्या पत्र्यावर आपटतो. उपाय साधा आहे: खोक्यातून आलेला फोमचा ठोकळा फेकू नका. प्रवासाला निघताना तो टब आणि कडेच्या फटीत घट्ट बसवा, टबमध्ये दोन उशा कोंबा, झाकणाला पट्टा बांधा. मुक्कामी पोचल्यावर टब हाताने चारही बाजूंना दाबून पाहा. चारही कोपरे सारखे दबले पाहिजेत.

फ्रंट लोड घेतलंत तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, जपून ठेवा. घरात ते एकदा काढले की संपलं. कॅरॅव्हॅनमध्ये मात्र प्रत्येक लांब पल्ल्याआधी लावायचे आणि मशीन चालवण्याआधी काढायचे. लावलेले विसरून पिळायला सोडलं तर अख्खी कॅरॅव्हॅन थरथरते आणि बेअरिंग जातं. बोल्ट मागच्या बाजूला असतात, म्हणजे पाना आत जाईल एवढी जागा कप्प्यात हवी. बहुतेक कप्प्यांत ती नसते, आणि विक्रेते हे बोलत नाहीत.

भिंतीवरच्या ३ किलोच्या मशीनचं मला कौतुक आहे. वजन १७ किलोंच्या आसपास, खोली जेमतेम ३० सेंटिमीटर, पाणीही टॉप लोडपेक्षा कमी. पण हा प्रकार २०१२ साली डेवूने दक्षिण कोरियात आणला तो लहान घरांच्या पक्क्या भिंतींसाठी. कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे पातळ पत्रा, फोम आणि प्लाय. त्यावर थेट स्क्रू मारले तर पिळताना भोकं रुंदावतात. १८ मिलिमीटरचा प्लाय चौकटीच्या किमान दोन उभ्या दांड्यांवर आडवा बसवायचा आणि मशीन त्या प्लायला बोल्टने धरायचं, मागून रुंद वायसर आणि आत नायलॉनचं कडं असलेली नट लावून. साधी नट शंभर किलोमीटरमध्ये सैल होते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडू नका, आतलीच आडभिंत निवडा.

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
ॲडलेडहून

बाथरूम आणि झोपायच्या खोलीतली आडभिंत उपलब्ध आहे, चौकट लाकडी. म्हणजे भिंतीवरचं मशीन शक्य दिसतंय, आणि ते मागच्या टोकापासून ९० सेंटिमीटर पुढेही येतं. पण १२ व्होल्टच्या पंपावर ते पाणी भरेल का? कॅरॅव्हॅन पार्कातल्या नळावर चालतं आणि टाकीवर एरर देऊन थांबतं असं ऐकलंय.

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
पर्थहून

ताई, ९० सेंटिमीटर पुढे येणं हा मोठा फायदा आहे, सोडू नका.

भरण्याचं: मशीनच्या आतल्या व्हॉल्व्हला फार दाब लागत नाही, पंपाचा पुरतो. एरर येतो तो वेळेमुळे. ठरलेल्या मिनिटांत पातळी गाठली नाही की मशीन थांबतं. पाणी हळू येण्याची कारणं या क्रमाने तपासा. मशीनला नळी जोडते तिथली छोटी जाळी; नव्या कॅरॅव्हॅनच्या टाकीत प्लास्टिकचा कीस असतो आणि तो नेमका तिथे अडकतो. मग पंपाआधीची गाळणी. मग १२ मिलिमीटरच्या पाइपाला कुठे तीव्र वळण किंवा पीळ पडलाय का. आणि शेवटी पंपाला मिळणारा व्होल्टेज: बारीक वायर लांबवर ओढलेली असेल तर पंप चालू असताना ११ व्होल्टच भरतो आणि तो रडतखडत चालतो. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर पुढे लहान प्रेशर टँक बसवा.

पार्कातल्या नळावर उलटा धोका. दाब जास्त असतो, म्हणून कॅरॅव्हॅनच्या तोंडाशी ३५० किलोपास्कलचा नियंत्रक हवाच. मशीनसाठी स्वतंत्र बंद करायचा नळ ठेवा आणि प्रवासात तो बंद. नळी सुटली तर पंप दोन्ही टाक्या जमिनीवर रिकाम्या करेल.

विजेचं कायमचं जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. कॅरॅव्हॅनमधल्या सॉकेटला दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच लागतो, घरातला साधा चालत नाही.

निचऱ्याची नळी मशीनच्या तळापेक्षा वर, साधारण ६० सेंटिमीटरवर वळसा घालून खाली आणा, आणि पाइपात तोंड घट्ट बंद करू नका. हवा आत गेली नाही तर पाणी भरता भरताच ओढलं जाऊन निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. नळी जिथून बाहेर जाते ते कॅरॅव्हॅनच्या तळातलं भोक सीलंटने बंद करा. धूळ तिथूनच आत येते.

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
डार्विनहून

पाणी किती याबद्दल बोलणं झालं, पाणी कसं याबद्दल लिहिते. मध्य ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी जमिनीखालचं पाणी. ॲलिस स्प्रिंग्जच्या नळालाही तेच, आणि ते कठीण आहे. फेस येत नाही म्हणून पावडर वाढवू नका. ती नीट विरघळत नाही आणि कपडे कडक होतात. फ्रंट लोडसाठीचा कमी फेसाचा द्रव साबण, ३ किलोच्या मशीनला एक मोठा चमचा. फेस जास्त झाला तर निचऱ्याचा पंप हवाच गिळतो आणि पाणी तसंच राहतं.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे कपडे धुऊच नका, आणि क्लोरीनचं ब्लीच तर मुळीच टाकू नका. पाण्यात विरघळलेलं लोह ब्लीचमुळे गंजून धाग्यात बसतं, पिवळे डाग आणखी पक्के होतात. डाग पडलेच तर नंतर चांगल्या पाण्यात सायट्रिक ॲसिड, ४ लिटरला दोन चमचे, तासभर भिजवून. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो.

३ किलो म्हणजे कोरडे कपडे, आणि ते लवकर भरतात. मोठ्यांची जीन्स ७०० ग्रॅम, जाड टॉवेल ५०० ते ६००. चौघांचे टॉवेल घातले की मशीन भरलं. टॉवेल घरी ठेवा आणि पंचे न्या. एक पंचा पाव किलोच्या आत, कमी पाण्यात निघतो आणि इथल्या कोरड्या वाऱ्यात तासाभरात वाळतो. ओढणी किंवा सुती साडी न्यायची असेल तर जाळीच्या पिशवीत घालूनच धुवा, नाहीतर बाकीच्या कपड्यांना गुंडाळून एका बाजूला गोळा होतो आणि पिळताना मशीन असमतोल म्हणून थांबतं. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याला घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, ऊनच तो काढतं.

सांडपाणी राष्ट्रीय उद्यानात जमिनीवर सोडायचं नाही. जिथे बादलीने सोडायला परवानगी असेल तिथेही ओढ्या-पाणवठ्यापासून १०० मीटर लांब. गिबवर त्यामुळे मशीन कमीच चालेल असं धरून २० लिटरची झाकणाची बादली न्या. ८ लिटर पाणी, अर्धा चमचा साबण, मुलांचे कपडे, झाकण घट्ट, गाडीत मागे बांधून ठेवा. रस्त्याचे हादरेच ते धुतात. संध्याकाळी ६ लिटरमध्ये एकदा खळबळलं की झालं.

---

उत्तर: कॅरॅव्हॅनसाठी वॉशिंग मशीन
बेंडिगोहून

आडभिंत मिळत असेल तर माझं टॉप लोडचं मत मागे घेतो. भिंतीवरचंच घ्या.

निघण्याआधी घराच्या अंगणात, नळ न जोडता, फक्त टाकी आणि बॅटरीवर पूर्ण धुणं लावून पाहा. कॅरॅव्हॅन आडवी-उभी लेव्हल करा, चारही पाय टेकवा (पाय फक्त स्थिर ठेवायला, वजन उचलायला नाहीत). सुरुवातीला आणि शेवटी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांची पातळी आणि बॅटरीचे अँपिअर-तास लिहून ठेवा. पुस्तिकेतल्या आकड्यांपेक्षा हे आकडे प्रवासात कामाला येतात. पिळताना हात प्लायवर ठेवा. प्लाय आणि चौकट एकत्र थरथरली तर ठीक, प्लाय वेगळा वाजला तर बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

आणि धुणं झाल्यावर मशीनच्या खालच्या छोट्या झाकणातून उरलेलं पाणी काढून टाका. जुलैत ॲलिस स्प्रिंग्जला रात्री पारा शून्याखाली जातो. पंपात पाणी राहिलं तर ते गोठून पंपाचं प्लास्टिक तडकतं.