वाइनचा ड्रम पाण्याला चालतो, पण केएमएस धुऊन टाका

वादळात वीज गेली की पिण्याचं पाणी कशात साठवायचं, या प्रश्नावर कुणीतरी वाइनचा काचेचा बुधला वापरा असं सुचवलंय. नको. वीस लिटरचा भरलेला बुधला ओल्या हातातून सटकला की काळोखात काचा वेचत बसायचं. त्यापेक्षा तळाशी नळ असलेला फूड ग्रेड ड्रम बरा. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ येऊन गेलं, श्रीवर्धनला आमच्या वाडीत वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि रहाटाने काढलेलं पाणी चहासारखं. जांभळाच्या वाइनचा ड्रम तेव्हा कामी आला. त्याचा नळ तळापासून दोन बोटं वर असतो, यीस्टचा गाळ ग्लासात उतरू नये म्हणून. तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं की चिखल त्या दोन बोटांत बसतो आणि नळाला निवळशंख पाणी येतं. अर्थात निवळलेलं म्हणजे शुद्ध नव्हे, उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब घालायचे.

इथेच आमची फजिती झाली. ड्रम केएमएसने निर्जंतुक करून ठेवला होता (म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, एक सल्फाइट; तेच, आपण आंब्याच्या स्क्वॅशला टिकण्यासाठी घालतो ते) आणि तळाशी थोडं द्रावण राहिलेलं. थेंब घातले, अर्ध्या तासाने झाकण उघडलं तर क्लोरीनचा वास नावाला नाही! सल्फाइट क्लोरीनला खाऊन टाकतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला वाइनवाले मुद्दाम तेच वापरतात. तेव्हा आधी ड्रम दोन-तीनदा खळखळून धुवा, नळ सोडून त्यातूनही पाणी जाऊ द्या, मगच भरा.