आतड्याच्या मूलपेशींच्या अभ्यासाला डुकरेच का हवीत?

मीमांसक: ‘ऑर्गनॉइड वाढवता येऊ लागल्यावर डुकरांवरील मूलपेशी-संशोधन ही निव्वळ सवयीने चाललेली क्रूरता आहे,’ हे विधान एका लेखात वाचले आणि राहवले नाही. मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून आतड्याचे अस्तर सतत नवे होते त्या पेशी, आणि ऑर्गनॉइड म्हणजे पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली अवयवाची चिमुकली प्रतिकृती. 2007 मध्ये उंदराच्या क्रिप्टच्या, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील सूक्ष्म खळग्याच्या, तळाशी एलजीआर5 ही खूण असलेल्या मूलपेशी सापडल्या, 2009 मध्ये तशा एकेका पेशीपासून ऑर्गनॉइड वाढले, आणि त्या कामाचे मोल मी जाणतो. परंतु ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्याच नसल्यामुळे, रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाल्यावर कोणत्या मूलपेशी तगतात, हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. डुकराच्या आतड्याच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा भुलीखाली रोखला, तर शेजारचाच निरोगी तुकडा तुलनेला मिळतो.

निर्भीड: रक्तवाहिन्या उंदरालाही असतात! शिवाय पेशींच्या वंशाचा माग घेण्याची जनुकीय साधने उंदरात कितीतरी अधिक आहेत. मी प्रयोगशाळेत असताना माणूस आणि उंदीर यांच्यासाठी बनवलेली, हवी ती पेशी रंगवून दाखवणारी प्रतिपिंडे डुकराच्या ऊतीवर एकामागून एक वाया गेली; काचपट्टीवर कधी सगळेच रंगत असे, कधी काहीच नाही. ज्या प्राण्यात हवी ती पेशी दिसतच नाही, त्याला मॉडेल म्हणायचे तरी कसे?

मीमांसक: आपला हा अनुभव जुना असावा. ज्यांच्या एलजीआर5 पेशी हिरव्या चमकतात, अशी डुकरे आता तयार झालेली आहेत.

निर्भीड: झाली असतील, पण 114 दिवसांचा गर्भकाळ असलेला प्राणी किती प्रयोगशाळांना परवडतो, हेही सांगा.

पशुपरिचर: परवडण्याचा हिशेब चालला आहे, म्हणून लिहिते. मी अशी डुकरे सांभाळली आहेत. त्यांना माझ्या पावलांचा आवाज कळत असे, आणि शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारे एक पिल्लू माझ्या बुटावर मान टाकून थरथरत पडले होते. प्राण्यांवरील प्रयोगांची नीती मांडणाऱ्या रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना घटवा असे सांगितले. त्यांतला पहिला शब्द सगळेच सोयीने विसरतात. नुसत्या ऊतीच हव्या असतील, तर कत्तलखान्यातून घ्या.

मीमांसक: मेलेले आतडे बरे होत नाही. पेशी वाढवण्यापुरत्या त्या ऊती चालतील, जखम भरताना पाहण्यासाठी नाहीत.

पशुपरिचर: मग वेदनाशामकाची नोंद शोधनिबंधात एका ओळीत का उरकता? आधी तेवढे तरी नीट लिहा.

अकालीचा_बाप: माझी मुलगी मुदतीपूर्वी जन्मली आणि आतड्याचा काही भाग सडल्यामुळे तो काढावा लागला, त्यानंतर कित्येक महिने शिरेतून जाणारी पोषणाची पिशवी हेच तिचे जेवण होते. उंदराच्या पिल्लांमध्ये हा आजार उभा करण्यासाठी त्यांना गारठवावे लागते, प्राणवायू कमी करावा लागतो. अकाली जन्मलेल्या डुकराच्या पिल्लांना मात्र भुकटीच्या दुधावर तो आपसूक होतो. उरलेल्या आतड्यातील मूलपेशींना जागे करण्याची वाट सापडण्याची शक्यता जिथे जास्त आहे, तिथे शोधू नका असे मला कोणी सांगू नये.

पशुपरिचर: आपल्या दुःखापुढे मी वाद घालत नाही, पण त्या पिल्लाची थरथर त्यामुळे खोटी ठरत नाही.

निर्भीड: अकाली पिल्लांपुरता मुद्दा मला मान्य करावा लागतो आहे. तरीही कोणतेही औषध आधी माणसाच्या ऑर्गनॉइडवर टिकलेच पाहिजे. तिथे नापास झालेल्या औषधासाठी एकाही डुकराचे पोट उघडण्याला माझा विरोध राहील.

मीमांसक: या अटीला माझी हरकत नाही, फक्त रक्तपुरवठ्याशी निगडित औषधे तिथून वगळा.