मे महिन्यात गाडीचा पिकअप मरतो, इनटेकची (इंजिन आत ओढतं ती) हवा गरम होते म्हणून का?

वर्धारोडकर: नागपूर. १.० टर्बो पेट्रोल, ३ वर्षं झाली. जानेवारीत पहाटे अशी पळते की विचारू नका आणि आता दुपारी ३ ला, बाहेर ४५, सिग्नल सुटला, पाय दाबला तरी क्षणभर काहीच नाही, मागचा ऑटोवाला हॉर्न मारत पुढे निघून जातो राजेहो. एसी बंद करून पाहिला, थोडाच फरक. सर्व्हिसवाले म्हणतात एरर नाही, उन्हाळा आहे साहेब. मित्र म्हणतो ओपन कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) टाक. टाकू का?

पिस्टनपंत: नका टाकू. आणि सर्व्हिसवाल्याने टाळलं असेल तुम्हाला, पण बोलला ते खरंय. १२ डिग्रीला एक लिटर हवेत जेवढा ऑक्सिजन असतो त्यापेक्षा ४५ ला साधारण १० टक्के कमी, हवा कमी म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलही कमी सोडतो. पण तुम्हाला जाणवतंय ते एवढंच नाही. टर्बोने दाबलेली हवा आधीच तापते, जोर लावला की १०० च्या वर सहज, ती गार करायला इंटरकूलर, आणि इंटरकूलरला लागतो वारा. सिग्नलला वारा कुठला? उलट एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर तिथेच भट्टी लावून बसलेले. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी मेल्यासारखी वाटते.

सेकंडगिअर: +१. मी कोन फिल्टर टाकून बसलोय, अनुभव सांगतो. ओबीडी डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा प्लग) लावून बघायचो, बाहेर ४१ असताना हायवेला ८० च्या स्पीडला इनटेक ४८ आणि चार मिनिटं सिग्नलला थांबलो की ६९. कोन टाकल्यावर तेच ७८!! कारण तो उघडा, बॉनेटखालची उकळती हवा ओढतो, कंपनीचा पाइप ग्रिलमागून बाहेरची घेतो. आवाज मात्र भारी यायचा, फुस्स्स. आता माळ्यावर पडलाय. आणि आकडे दुसऱ्याच्या गाडीशी ताडू नका, सेन्सर काहींचा टर्बोच्या आधी असतो काहींचा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी.

घाटातली_अल्टो: मग महाबळेश्वरला डिसेंबरात माझी अल्टो उडायला पाहिजे ना? चढावर रडते ती.

पिस्टनपंत: उंची धरा की. १३५० मीटरवर हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी, थंडीने कमावलेलं तिथे जातं. बिनटर्बोच्या गाडीला डिसेंबरातलं महाबळेश्वर आणि मे मधलं नागपूर जवळपास सारखंच. टर्बोवाला दाब बराच भरून काढतो. मुंबईकरांना वेगळाच ताप, दमट हवेत वाफ जागा अडवते, ३-४ टक्के ऑक्सिजन तिथेच गेला.

वर्धारोडकर: अपडेट. डोंगल आणलं, व्हेरायटी चौकात ७६ दाखवलं, तेही कोन न टाकता! म्हणून बॉनेट उघडून पाहिलं तर एअर बॉक्सचा ग्रिलकडे जाणारा पाइप क्लिपमधून निघालेला, शेवटी फिल्टर बदलला तेव्हापासून बहुतेक. तीन महिने गाडी स्वतःचीच गरम हवा खात होती. बसवला, त्याच चौकात दुपारी ६६. पिकअप जानेवारीसारखा नाही पण ऑटोवाला मागे राहतो आता. एसी बंद करणार नाही, मागे आई बसलेली असते.